लिहिलेली फाइल आणि बनलेली फाइल

शाळेच्या वेळापत्रकाचा अनुभव सर्व शिक्षकांना असतो. समजा, पुण्याच्या शनिवार पेठेतील एका शाळेत वीस तुकड्या आहेत. जूनमध्ये पर्यवेक्षक एक मोठा तक्ता तयार करतात. कोणत्या शिक्षकाकडे कोणता विषय, आठवड्याला किती तासिका, प्रयोगशाळा कोणत्या दिवशी मोकळी, हे सारे त्या तक्त्यात असते. त्यावरून प्रत्येक तुकडीचे वेळापत्रक उतरवून वर्गाच्या भिंतीवर लावले जाते. काही दिवसांनी आठवी 'ब'च्या वर्गशिक्षिकांच्या लक्षात येते, की बुधवारी गणिताच्या दोन तासिका सलग आल्या आहेत. त्या भिंतीवरच्या कागदावर पेनने दुरुस्ती करतात. काम भागते. पुढे शाळेत एक नवे शिक्षक रुजू होतात, मूळ तक्ता बदलतो, सगळी वेळापत्रके नव्याने उतरवली जातात आणि बुधवारी गणिताच्या तासिका पुन्हा सलग येतात. बाईंची दुरुस्ती योग्यच होती. पण ती चुकीच्या कागदावर केलेली होती.

पर्यवेक्षकांचा तक्ता हा माणसाने विचार करून लिहिलेला कागद आहे. भिंतीवरचे वेळापत्रक हा त्यावरून ठरावीक रीतीने बनलेला कागद आहे. दोन्ही दिसायला सारखे, वाचायला सारखे. पण दुरुस्ती टिकते ती फक्त पहिल्यावर. संगणकाच्या जगातही फाइलींचे असे दोन वर्ग पडतात: लिहिलेल्या आणि बनलेल्या. मुक्त सॉफ्टवेअर लोकांपर्यंत पोचवणाऱ्यांना हा फरक रोज सांभाळावा लागतो. तो धूसर झाला, की किती मोठा घात होऊ शकतो, हे मार्च २०२४ मध्ये दिसून आले. त्या घटनेपर्यंत आपण पायरीपायरीने जाऊ.

मूळ आज्ञावली आणि गठ्ठा

प्रोग्रॅमर जी आज्ञावली लिहितो ती माणसाला वाचता येते. संगणकाच्या प्रक्रियकाला मात्र केवळ अंकांच्या रूपातील आज्ञा कळतात. एका रूपातून दुसऱ्या रूपात नेण्याचे काम कंपायलर करतो. माणसाने लिहिलेल्या रूपाला आपण मूळ आज्ञावली म्हणू. मुक्त सॉफ्टवेअरचे वैशिष्ट्य असे, की ही मूळ आज्ञावली सर्वांना मिळते, वाचता येते, बदलता येते आणि बदलून वाटताही येते.

मूळ आज्ञावली म्हणजे नेमके काय, याची एक चांगली व्याख्या १९९१ च्या जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत आहे. एखाद्या गोष्टीत बदल करायचा असेल, तर ज्या रूपात बदल करणे माणूस पसंत करील, ते तिचे मूळ रूप, असा तिचा आशय आहे. बांधणीसाठी लागणाऱ्या आज्ञाही या मूळ रूपात मोडतात, असे तो परवाना सांगतो. आपल्या उदाहरणात वेळापत्रकाचे मूळ रूप पर्यवेक्षकांकडे असते, भिंतीवर नसते.

सर्वसामान्य वापरणारा मूळ आज्ञावली घेऊन स्वतः कंपायलर चालवत नाही. त्याला तयार गठ्ठा म्हणजे पॅकेज हवे असते. १९९३ मध्ये सुरू झालेला डेबियन प्रकल्प किंवा फेडोरासारखे प्रकल्प असे हजारो गठ्ठे बांधून देतात. मूळ लेखकाची आज्ञावली घ्यायची, तिच्यात आवश्यक तेवढ्या दुरुस्त्या करायच्या, ती कंपाइल करायची आणि वापरणाऱ्याच्या हाती विश्वासाने द्यायची, हे काम करणाऱ्यांना आपण या लेखात गठ्ठेकरी म्हणू. शिधावाटप दुकानातील धान्य निवडून पिशव्या भरणाऱ्यासारखे त्यांचे काम असते. धान्य त्यांनी पिकवलेले नसते. पण पिशवीत खडा निघाला, तर विचारणा त्यांच्याकडेच होते.

तीन मजली बांधणी

मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये शेकडो फाइली असतात. कोणती फाइल कोणत्या क्रमाने कंपाइल करायची, कोणती कोणाला जोडायची, हे दर वेळी हाताने सांगणे अशक्य असते. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी यासाठी 'मेक' नावाची आज्ञावली लिहिली. 'मेकफाइल' नावाच्या फाइलीत आपण नाती लिहून ठेवतो: ही वस्तू या वस्तूंपासून बनते आणि ती अशी बनवायची. मेक प्रत्येक फाइल शेवटची केव्हा बदलली ती वेळ पाहते. कच्चा माल तयार मालापेक्षा नवा असेल, तरच ती माल पुन्हा बनवते. नाही तर हात लावत नाही.

पुढे अडचण आली ती यंत्रांच्या विविधतेची. ऐंशीच्या दशकात युनिक्स प्रणालीचे अनेक प्रकार प्रचारात होते. एका यंत्रावर जे फंक्शन असे ते दुसऱ्यावर नसे. एका ठिकाणी कंपायलरचे नाव एक, तर दुसरीकडे वेगळे. एकच मेकफाइल सगळीकडे चालेना. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी 'ऑटोकॉन्फ' सुरू केले. त्याची कल्पना अशी: सॉफ्टवेअरबरोबर 'कॉन्फिगर' नावाची एक तपासनीस फाइल द्यायची. ती वापरणाऱ्याच्या यंत्रावर चालते, तेथे काय आहे व काय नाही याची चौकशी करते आणि त्या यंत्राला साजेशी मेकफाइल तयार करून ठेवते.

ही तपासनीस फाइल हाताने लिहिणे फार किचकट असते. म्हणून प्रोग्रॅमर 'कॉन्फिगर.एसी' नावाची छोटी फाइल लिहितो. तिच्यात 'अमुक ग्रंथालय आहे का पाहा' अशा मोजक्या ओळी असतात. एमफोर नावाच्या भाषेत लिहिलेले साचे वापरून ऑटोकॉन्फ त्या ओळींचा विस्तार करते आणि हजारो ओळींची कॉन्फिगर फाइल बनते. त्याचप्रमाणे प्रोग्रॅमर 'मेकफाइल.एएम' नावाची छोटी फाइल लिहितो. 'ऑटोमेक' तिच्यापासून 'मेकफाइल.इन' बनवते, आणि कॉन्फिगर चालली, की तिच्यापासून शेवटची मेकफाइल बनते.

म्हणजे ही तीन मजल्यांची इमारत झाली. तळमजला माणसाने लिहिला, मधला मजला ऑटोकॉन्फ व ऑटोमेक यांनी बनवला आणि वरचा मजला कॉन्फिगरने बनवला. जुन्या छापखान्यांत अक्षराचा खिळाही असाच तीन टप्प्यांत होत असे. कारागीर पोलादावर अक्षर कोरून ठसा करी, ठशावरून तांब्याची मातृका होई आणि मातृकेत शिसे ओतून खिळे पडत. खिळ्यावरचे अक्षर वेडेवाकडे असेल, तर एक खिळा कानशीने घासून पान छापता येईल. पण पुढचा खिळा पुन्हा तसाच पडणार. सुधारायचा तो ठसा.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की लेखक सॉफ्टवेअर प्रसिद्ध करताना तळमजल्याबरोबर मधला मजलाही देत असत. त्यामागचा हेतू चांगला होता. कॉन्फिगर ही साध्या शेलच्या भाषेत असते, त्यामुळे वापरणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ किंवा ऑटोमेक असण्याची गरज उरत नाही. ही पद्धत आजही पुष्कळ ठिकाणी चालू आहे. परंतु त्यामुळे एकाच गठ्ठ्यात लिहिलेल्या आणि बनलेल्या फाइली शेजारी शेजारी नांदतात. बनलेल्या फाइलीच्या डोक्यावर 'ही आपोआप बनली आहे, हाताने बदलू नये' अशा अर्थाची ओळ पुष्कळदा असते; पण घाई असली, की अशा ओळीकडे लक्ष जात नाही.

मधल्या मजल्यावरची दुरुस्ती

समजा, गठ्ठेकऱ्याला आढळले, की एका सॉफ्टवेअरची तपासणी चुकीच्या ग्रंथालयाचे नाव घेते. कॉन्फिगर उघडून त्यातली ओळ बदलणे सोपे वाटते. पण तसे केल्यास तीन अडचणी येतात.

पहिली अडचण वेळापत्रकाचीच. लेखकाची पुढची आवृत्ती आली, की तिच्याबरोबर नवी कॉन्फिगर येते आणि दुरुस्ती पुसली जाते. नवी कॉन्फिगर ऑटोकॉन्फच्या निराळ्या आवृत्तीने बनलेली असेल, तर हजारो ओळी इकडच्या तिकडे झालेल्या असतात आणि जुनी दुरुस्ती कोठे बसवायची हेच कळत नाही.

दुसरी अडचण घड्याळाची. मेक वेळ पाहून निर्णय घेते, हे आपण पाहिले. गठ्ठेकऱ्याने कॉन्फिगर.एसी आणि कॉन्फिगर या दोन्हींत दुरुस्ती केली आणि त्यांच्या वेळा मागेपुढे झाल्या, तर मेकला वाटते, 'कच्चा माल नवा आहे, पुन्हा बनवले पाहिजे.' ती ऑटोकॉन्फला हाक मारते. ते यंत्रावर नसेल, तर बांधणी अडते. असेल पण निराळ्या आवृत्तीचे असेल, तर न मागता निराळेच काही बनते. तोच गठ्ठा एका यंत्रावर बांधला जातो आणि दुसऱ्यावर अडतो, अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा एवढेच कारण असते.

तिसरी अडचण वाचनाची. गठ्ठेकऱ्याने काय बदलले, हे इतरांना तपासता आले पाहिजे. कॉन्फिगर.एसी मधील एका ओळीचा बदल कोणीही वाचून समजू शकतो. त्याच बदलामुळे कॉन्फिगरमध्ये पडलेला शेकडो ओळींचा फरक कोणी वाचत नाही. आणि जे कोणी वाचत नाही, तेथे काहीही लपू शकते. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

म्हणून नियम असा झाला: दुरुस्ती तळमजल्यावर करायची, बनलेल्या फाइली बाजूला सारायच्या आणि बांधणीच्या वेळी त्या नव्याने बनवायच्या. डेबियनमध्ये गठ्ठे बांधण्यासाठी डेबहेल्पर नावाची साधने वापरतात. त्यांच्या दहाव्या पातळीपासून, ऑटोकॉन्फ वापरणाऱ्या गठ्ठ्यांच्या बाबतीत, हे नव्याने बनवण्याचे काम आपोआप होते. गठ्ठेकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. नको असेल तर मात्र सांगावे लागते.

नवे यंत्र, जुनी यादी

या नियमामागे आणखी एक व्यावहारिक कारण होते. ऑटोकॉन्फ वापरणाऱ्या पुष्कळ सॉफ्टवेअरबरोबर 'कॉन्फिग.गेस' नावाची एक फाइल असते. आपण कोणत्या जातीच्या यंत्रावर आहोत, हे ओळखणे हे तिचे काम. तिच्यात यंत्रांची यादीच असते. सॉफ्टवेअरच्या लेखकाने ही फाइल ज्या वर्षी आपल्या गठ्ठ्यात घातली, त्या वर्षापर्यंतची यंत्रे तिला माहीत असतात, पुढची नसतात.

एप्रिल २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन ८ मध्ये ६४ बिटांच्या आर्म प्रक्रियकांचा प्रथमच अधिकृत समावेश झाला. आज बहुतेक मोबाइल फोनमध्ये याच कुळातील प्रक्रियक असतात. त्या यंत्रांवर हजारो गठ्ठे बांधायला घेतले, तेव्हा अनेक जुनी सॉफ्टवेअरे 'हे यंत्र ओळखता येत नाही' असे सांगून थांबत. त्यांच्या आज्ञावलीत दोष नव्हता. दोष होता तो बरोबर आलेल्या जुन्या यादीत. प्रत्येक लेखकाने नवी आवृत्ती काढण्याची वाट पाहणे शक्य नव्हते. काही लेखकांनी तर ते काम केव्हाच सोडून दिले होते. उपाय एकच होता: जुनी यादी काढून टाकायची, आजची घालायची आणि मधला मजला पुन्हा उभारायचा. बनलेल्या व उसन्या घेतलेल्या फाइली शिळ्या होतात, हे यावरून चांगले समजते.

शनिवारातला 'श'

आतापर्यंतची उदाहरणे परकी वाटली असतील, तर आता पुण्यातलेच एक पाहू. 'शनिवार पेठ' या नावातील पहिले अक्षर घ्या. मराठीत आपण देठाचा श लिहितो, हिंदीत त्याची ठेवण निराळी असते. तसेच आपला ल पाकळीचा, हिंदीतला वेगळा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेचे जे प्रमाण रूप ठरवले, त्यात देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल स्वीकारले आहेत. परंतु युनिकोडमध्ये श ला एकच क्रमांक आहे, षोडशमान पद्धतीत ०९३६. आणि ल ला ०९३२. मराठी श आणि हिंदी श असे दोन क्रमांक नाहीत. मग पडद्यावर कोणता श उमटायचा हे ठरवतो टंक, म्हणजे फॉन्ट.

'लोहित' ही भारतीय लिप्यांसाठी मुक्तपणे मिळणाऱ्या टंकांची मालिका आहे. हे टंक पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने पुरवले होते आणि रेड हॅट कंपनीने ते जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या नावाला साजेसे हे नाव. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांचा परवाना बदलून खास टंकांसाठी असलेला ओपन फॉन्ट परवाना लावण्यात आला. या टंकांच्या देखभालीचे बरेच काम रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी केले. मालिकेत देवनागरीसाठी टंक आहे. मराठीसाठी वेगळा टंकही करण्यात आला.

आपल्या संगणकात टंकाची जी फाइल असते, ती 'टीटीएफ' या रूपात असते. ती बनलेली फाइल आहे. तिचे मूळ रूप म्हणजे 'एसएफडी' ही फाइल. फॉन्टफोर्ज या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांच्या रेषा आखल्या, की त्या या फाइलीत साठवल्या जातात. ही साध्या मजकुराची फाइल असते. कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत वक्र काढला आहे, हे तिच्यात आकड्यांनी लिहिलेले असते. क नंतर हलन्त चिन्ह व ष आले तर क्ष दाखवावा, अशा जोडाक्षरांच्या नियमांनाही मजकुराचे रूप देता येते. बांधणीच्या वेळी फॉन्टफोर्ज या सगळ्यापासून टीटीएफ तयार करते.

आता कल्पना करा, की एका शिक्षकाला शाळेच्या फलकासाठी श ची देठ थोडी वेगळी हवी आहे. त्याने टीटीएफ फाइलच उघडून अक्षर बदलले. फलक छापून झाला. पुढे टंकाचा नवा गठ्ठा संगणकात आला आणि जुना श परत आला. एवढेच नव्हे, तर त्याची सुधारणा चांगली असूनही ती दुसऱ्या कोणाला मिळाली नाही. तोच बदल त्याने मूळ फाइलीत करून देखभाल करणाऱ्यांकडे पाठवला असता, तर पुढच्या प्रत्येक बांधणीत, प्रत्येक मराठी वाचकाच्या पडद्यावर तो श उमटला असता. म्हणूनच डेबियनसारख्या प्रकल्पात टंकाचा गठ्ठा बांधताना तयार टीटीएफ उचलून न देता मूळ फाइलीपासून ती पुन्हा बनवण्याचा आग्रह असतो. मूळ फाइल मिळते एवढे पुरे नसते. तिच्यापासून तयार माल खरोखर बनतो, हे दर वेळी सिद्ध व्हावे लागते. एरवी मूळ फाइल एकीकडे आणि वापरातला टंक दुसरीकडे असे होऊन बसते आणि कोणाच्या ध्यानीही येत नाही. आपल्या लिपीची सूत्रे आपल्या हाती राहणे म्हणजे प्रत्यक्षात हेच.

मार्च २०२४

आता त्या घटनेकडे वळू. 'एक्सझेड' नावाचे फाइली लहान करण्याचे एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. जगभरातील लिनक्स संगणकांत ते असते. फिनलंडचे लासे कॉलिन ते अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने, बिनमोबदला सांभाळत होते. २०२१ पासून 'जिया टॅन' हे नाव घेतलेली कोणी व्यक्ती या कामात मदत करू लागली. हळूहळू तिने विश्वास मिळवला आणि आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचे अधिकारही तिच्याकडे आले. या नावामागे खरे कोण होते, हे उघड झालेले नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्सझेडची ५.६.० ही आवृत्ती आली आणि मार्चमध्ये ५.६.१ आली. सर्वांना दिसणाऱ्या मूळ कोठारात आणि प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात एक फरक होता. गठ्ठ्यात एमफोर भाषेतील एक साचा जास्त होता. वर सांगितलेले आठवा: कॉन्फिगर बनते ती अशा साच्यांपासून. असे साचे पुष्कळदा दुसऱ्या प्रकल्पांतून उसने घेतलेले असतात. ते कोठारात नसणे आणि गठ्ठ्यात असणे हे नेहमीचेच. त्यामुळे कोणाला शंका आली नाही. पण या साच्यात काही ओळी घुसडलेल्या होत्या. कॉन्फिगर चालू झाली, की त्या ओळी चाचणीसाठी ठेवलेल्या दोन निरुपद्रवी दिसणाऱ्या फाइलींतून दडवलेला मजकूर बाहेर काढीत, बनत असलेल्या मेकफाइलमध्ये फेरफार करीत आणि शेवटी ग्रंथालयात एक छुपी आज्ञावली जोडून देत. दूरच्या संगणकात प्रवेश करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएसएच सेवेला या मार्गाने चोरदरवाजा पडत होता.

आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. डेबियनचा किंवा रेड हॅटच्या पद्धतीचा गठ्ठा बांधला जात असेल, तरच हा फेरफार जागा होत असे. एरवी तो गप्प राही. म्हणजे सापळा नेमका गठ्ठेकऱ्यांसाठी लावलेला होता.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी हे उघड केले. ते पोस्टग्रेस या माहितीसंचय प्रणालीवर काम करणारे अभियंता. डेबियनच्या चाचणीसाठी असलेल्या आवृत्तीवर ते वेग मोजत होते. एसएसएचने प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आणि प्रक्रियक उगाच कामाला लागतो, हे त्यांना खटकले. त्यांनी पाठपुरावा केला आणि ते मुळापर्यंत पोचले. दोषी आवृत्ती तोवर डेबियन व फेडोरा यांच्या चाचणीच्या शाखांत पोचली होती. सर्वसामान्यांच्या वापरातील डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती गेली नव्हती. थोडक्यात निभावले.

येथे एक प्रश्न जाणकार वाचक विचारतील. मधला मजला नव्याने उभारण्याचा नियम होता, तर मग त्याने हे थांबवले का नाही? उत्तर महत्त्वाचे आहे. गठ्ठ्यातील कॉन्फिगर टाकून देऊन ती पुन्हा बनवली, तरी ती बनवण्यासाठी वापरलेला साचा त्याच गठ्ठ्यातला होता. वेळापत्रक भिंतीवरून काढून नव्याने उतरवले. पण ज्या तक्त्यावरून उतरवले, त्या तक्त्याची प्रतच बदललेली होती. पुन्हा बनवणे हा अर्धा नियम झाला. कशापासून पुन्हा बनवायचे, हा दुसरा अर्धा भाग. ज्याचा प्रत्येक बदल नाव व तारखेसह नोंदलेला आहे आणि जे अनेकांच्या डोळ्यांसमोर आहे, अशा कोठारापासून सुरुवात करायची; आणि प्रसिद्ध गठ्ठा व कोठार यांत फरक दिसला, तर त्याचे कारण शोधायचे. या घटनेनंतर गठ्ठेकऱ्यांमध्ये या दुसऱ्या भागाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

मुळापर्यंत जावे तरी किती?

मूळ शोधत गेले, की आणखी खालचे मूळ दिसते. कॉन्फिगर ऑटोकॉन्फने बनवली. पण ऑटोकॉन्फ कशाने बनले? आज्ञावली कंपायलरने बनवली. पण कंपायलर हीही एक आज्ञावली आहे, तिला कोणी कंपाइल केले? युनिक्सचे एक जनक केन टॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने दिलेल्या आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात हा प्रश्न मांडला. कंपायलरमध्ये अशी युक्ती लपवता येते, की कंपायलरची मूळ आज्ञावली पूर्ण स्वच्छ असूनही तिच्यापासून बनलेल्या नव्या कंपायलरमध्ये ती युक्ती पुन्हा उतरते, हे त्यांनी दाखवले.

यावर पूर्ण उपाय नाही. पण काही प्रमाणात उपाय आहे आणि तो विज्ञानाच्या रीतीला धरून आहे. प्रयोग एकाने केला, तर निष्कर्ष कच्चा. अनेकांनी स्वतंत्रपणे करून तेच उत्तर आले, तर पक्का. डेबियनमध्ये २०१३ पासून अशा प्रयत्नांना वेग आला. एकाच मूळ आज्ञावलीपासून वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या यंत्रांवर गठ्ठा बांधला, तर तो शेवटच्या बिटापर्यंत एकसारखा निघाला पाहिजे, असा हा प्रयत्न आहे. वाटते तितके हे सोपे नाही. बांधणीची तारीख, फाइलींचा क्रम, संगणकाचे नाव अशा क्षुल्लक गोष्टी तयार मालात शिरतात आणि दोन गठ्ठे जुळत नाहीत. असे एकेक कारण शोधून दूर करावे लागते. पण ते केले, की कोणाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. स्वतः बांधून ताडून पाहता येते.

वर्गात करून पाहण्यासाठी

हे सारे संगणक नसतानाही विद्यार्थ्यांना समजावता येते. पाच विद्यार्थ्यांचे ५० पैकी गुण फळ्यावर लिहा: २३, ३१, ४०, ३८, ४५. हे मूळ. एका चिठ्ठीवर नियम लिहा: 'गुणांची दुप्पट करून टक्केवारी लिहा.' हा साचा. वर्गाचे गट करा. प्रत्येक गट यादी तयार करील: ४६, ६२, ८०, ७६, ९०. ही बनलेली फाइल.

पहिली फेरी: एका गटाला यादीत ८० च्या जागी ८२ करायला सांगा. मग फळ्यावरून यादी पुन्हा बनवायला लावा. दुरुस्ती नाहीशी होते. ती टिकवायची असेल, तर फळ्यावरच्या ४० चे ४१ करावे लागतील, हे विद्यार्थीच सांगतील.

दुसरी फेरी: एका गटाच्या यादीत गुपचूप एक आकडा बदला आणि सर्व गटांच्या याद्या ताडून पाहा. वेगळी यादी लगेच सापडते. स्वतंत्रपणे बांधून जुळवण्याचे महत्त्व यात दिसते.

तिसरी फेरी सर्वांत महत्त्वाची. सर्व गटांना नियमाची नवी चिठ्ठी द्या, पण तिच्या शेवटी बारीक अक्षरांत जोडा: 'उत्तर ७६ आल्यास ६७ लिहावे.' आता सर्व गटांच्या याद्या तंतोतंत जुळतात आणि तरीही सर्व चूक असतात. फळ्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा तपासून चूक सापडणार नाही. ती सापडेल नियमाची चिठ्ठी पहिल्या चिठ्ठीशी ताडल्यावर. एक्सझेडच्या प्रकरणात घडले ते हेच. जुळणे आणि बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांच्या मनात या फेरीने ठसते.

खेळ संपल्यावर आम्ही एक प्रश्न सुचवू इच्छितो. आपल्या शाळेतील निकालपत्रक, हजेरीचा गोषवारा, ग्रंथालयाची यादी यांपैकी कोणते कागद लिहिलेले आहेत आणि कोणते बनलेले? बनलेल्या प्रत्येक कागदाचे मूळ कोठे आहे आणि ते कोणाला पाहता येते? विद्यार्थ्यांना ही यादी करू द्यावी. एखादा कागद असा निघेल, की ज्याचे मूळ कोणालाच सांगता येत नाही. तो बाजूला काढून ठेवावा आणि मुळाचा शोध तेथून सुरू करावा.